कोकणात शेतीयंत्रांचं काम शिकायचं, तर सुरुवात कुठून करायची

जुलैचा पहिला पंधरवडा. पाऊस धरून राहिलाय, तरवा (भाताची रोपं) काढणीला आलाय आणि खाचरात उभा असलेला पॉवर टिलर काही केल्या चालू होत नाही. अशा वेळी शेतकरी फोन लावतो तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीला, आणि त्याच्या दारात आधीच चार टिलर ओळीनं उभे असतात. जोत (नांगराचे बैल) ठेवणारी घरं कमी झाली, गडी मिळेनासे झाले, म्हणून यंत्रं आली. ती दुरुस्त करणारी, नीट चालवणारी माणसं मात्र त्या मानानं तयार झाली नाहीत. दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींसाठी इथं खरं काम आहे, आणि ते गाव न सोडता करता येतं. ते कुठं आणि कोणत्या क्रमानं शिकावं, हे सविस्तर सांगतो.

आधी यंत्रं बघा, मग कोर्स निवडा

बहुतेक घरांत उलटं होतं. मेरिटमध्ये जो ट्रेड मिळेल तो घेतला जातो आणि कामाचा विचार दोन वर्षांनी होतो. माझं सांगणं असं की प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी आपल्या तालुक्यातली यंत्रं पाहून घ्या. एक वही घ्या, आपल्या आणि आजूबाजूच्या गावांत फिरा आणि लिहा: पॉवर टिलर किती, ग्रास कटर किती, एचटीपी पंप (बागेत फवारणी करणारे जास्त दाबाचे पंप) किती, भात गिरण्या आणि काजूचे कारखाने किती. कोणत्या कंपनीचं यंत्र, बंद पडलं तर कुठं नेतात, किती दिवस थांबावं लागतं, हेही विचारा. शेतकरी ही माहिती आनंदानं देतात, कारण हे त्यांचं रोजचं दुखणं आहे.

हे करायचं कारण, कोकणातली शेतीयंत्रं देशावरच्या यंत्रांपेक्षा वेगळी आहेत. टप्प्याटप्प्याची लहान खाचरं, मध्ये बांध, वर जांभ्याचा वरकस (हलक्या जमिनीचा) माळ. पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर अनेक ठिकाणी शेतापर्यंत पोचतच नाही. रायगडच्या सपाट भातपट्ट्यात ट्रॅक्टरला काम आहे. रत्नागिरी, राजापूर, देवगडकडे हापूसच्या बागांमुळे एचटीपी पंप आणि ग्रास कटर यांचंच राज्य. वेंगुर्ले-सावंतवाडीच्या पट्ट्यात काजू प्रक्रियेचे बॉयलर, कटर, ड्रायर. डहाणू-घोलवडला चिकूच्या वाड्या. त्यामुळे पेणच्या मुलानं जे आधी शिकावं, तेच देवगडच्या मुलानं आधी शिकावं असं नाही.

त्याच वहीत वर्षाचं वेळापत्रक मांडा. मे-जूनमध्ये नांगरणीच्या आधी टिलरची तपासणी, जून-जुलैला चिखलणी, ऑगस्टपासून बागेतली बेणणी (तण काढणं) आणि गवत कापणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरला भातकापणीचे रीपर आणि मळणी यंत्रं, थंडी सुरू झाली की आंब्याच्या फवारण्या, मार्चपासून मेपर्यंत काजूचे कारखाने. बारा महिने काम हवं असेल तर एकाच यंत्रावर अवलंबून चालणार नाही. किमान तीन प्रकारची यंत्रं हाताखालून जायला हवीत, आणि शिक्षणाची आखणीही त्याच हिशेबानं करायची.

पाया: आयटीआय

पायासाठी आयटीआयसारखं दुसरं काही नाही. फी परवडणारी, तालुक्याच्या ठिकाणी सोय, आणि परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळणारं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र देशभर चालतं. प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन होतो. दहावीच्या निकालानंतर अर्ज सुरू होतात, मग विकल्प भरायचे, मग गुणवत्ता यादीनुसार फेऱ्या. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आणि लागू असेल तर जातीचा व नॉन-क्रीमीलेअर दाखला निकालाआधीच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रात गर्दी असते.

आता ट्रेड कोणता? ट्रॅक्टर मेकॅनिक हा एक वर्षाचा, डिझेल मेकॅनिकही एक वर्षाचा. कृषी यंत्र मेकॅनिक हा दोन वर्षांचा ट्रेड राष्ट्रीय यादीत आहे, पण तो सगळ्या संस्थांत चालत नाही. फिटर दोन वर्षं, इलेक्ट्रिशियन दोन वर्षं, वेल्डर एक वर्ष. वेल्डरला आठवी उत्तीर्णही चालतं.

कोकणासाठी माझी पसंती डिझेल मेकॅनिकला, आणि जमलं तर त्यापाठोपाठ वेल्डर. इंजिन कळलं की टिलर, मळणी यंत्र, पंप, जनरेटर असं सगळं उलगडत जातं. वेल्डिंग आलं की तुटलेला हँडल, फाटलेलं मडगार्ड, टिलरची चिखलणीची लोखंडी चाकं अशी गावात रोज येणारी कामं हातची जात नाहीत. ज्याला दोन वर्षं द्यायची तयारी आहे त्यानं फिटर घ्यावा. मोजमाप, फाईल चालवणं, बेअरिंग बसवणं, ड्रॉइंग वाचणं यात हाताला जी शिस्त लागते ती पुढं कुठंच मिळत नाही. शिवाय दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला अभियांत्रिकी पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची वाट मोकळी राहते. काजूच्या पट्ट्यातल्या मुलामुलींनी इलेक्ट्रिशियनचा विचार जरूर करावा, कारण तिथली निम्मी दुखणी मोटर, स्टार्टर आणि ड्रायरच्या हीटरची असतात.

संस्था निवडताना एकदा प्रत्यक्ष कार्यशाळेत जाऊन उभे राहा. इंजिनं काचेच्या कपाटातल्या शोभेच्या वस्तूंसारखी रंगवून ठेवलीत, की मुलांचे हात तेलानं काळे आहेत? एका इंजिनामागे किती मुलं? ट्रेडला केंद्रीय मान्यता आहे का, हे कार्यालयात स्पष्ट विचारा.

ज्याला बारावी विज्ञान गणितासह झेपतं, त्यानं दापोलीकडे बघावं. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ 1972 साली स्थापन झालं आणि त्याचं कृषी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान महाविद्यालय तिथंच आहे. सीईटी देऊन चार वर्षांची बी.टेक. पदवी करता येते. आंबा काढायला आज घरोघरी दिसणारा नूतन झेला याच विद्यापीठाचा. यंत्र दुरुस्त करण्यापेक्षा नवं घडवण्याची ओढ असेल तर ही दिशा.

छोटे कोर्स: कशासाठी घ्यायचे आणि कशासाठी नाही

कृषी विज्ञान केंद्रं, म्हणजे रायगडला किल्ले रोहा, सिंधुदुर्गात किर्लोस, पालघरमध्ये कोसबाड, अशी वेळोवेळी छोटी प्रशिक्षणं घेतात. तिथं पीक आणि यंत्र एकत्र समजतं, हा त्यांचा मोठा फायदा. भात लावणी यंत्राचं उदाहरण घ्या. मागून चालत चालवायचं चार ओळींचं यंत्र 30 सेंटिमीटर अंतरावर ओळी लावतं, पण त्याला आपला नेहमीचा तरवा चालत नाही. ट्रेमध्ये किंवा प्लास्टिकवर चटईसारखी रोपवाटिका करावी लागते, साधारण पंधरा ते वीस दिवसांची कोवळी रोपं लागतात, चिखल एखादा दिवस बसू द्यावा लागतो आणि खाचरात पाणी अगदी पातळ ठेवावं लागतं. हे ज्याला माहीत नाही तो यंत्राला दोष देतो. यंत्र भाड्यानं देणाऱ्यानं रोपवाटिकाही करून दिली तर शेतकरी त्याला सोडत नाही.

ट्रॅक्टर ऑपरेटर, ट्रॅक्टर मेकॅनिक असे कृषी कौशल्य परिषदेच्या अभ्यासक्रमांवर आधारलेले कोर्सही असतात. आधीपासून काम करणाऱ्याच्या हाती कागद यावा म्हणून ते चांगले. कोरी पाटी घेऊन जाणाऱ्याला तेवढ्यानं मिस्त्री होता येणार नाही.

एका संस्थेचं नाव कोकणात फारसं कुणी घेत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो: मध्य प्रदेशातलं बुदनी. नर्मदेकाठच्या या गावात 1955 पासून केंद्र सरकारची शेतीयंत्रांचं प्रशिक्षण देणारी आणि चाचणी घेणारी संस्था आहे. अशाच संस्था हिस्सार, गार्लादिन्ने आणि विश्वनाथ चारियाली इथंही आहेत. आपल्याला बुदनी जवळ. देशात विकले जाणारे ट्रॅक्टर जिथं चाचणीला येतात, तिथं शेतकरी, ग्रामीण तरुण आणि तंत्रज्ञ यांच्यासाठी वेगवेगळ्या पातळीचे कोर्स चालतात. कल्याणहून गाडीनं इटारसी किंवा भोपाळ गाठायचं आणि तिथून पुढं जायचं. आयटीआय झाल्यावर एकदा तरी जाऊन या. मोजून, नोंदून, कारण शोधून काम करायची सवय तिथं दिसते.

उस्तादाच्या हाताखाली

प्रमाणपत्र मिळालं की शिकाऊ उमेदवारी. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कंपन्या आणि त्यांचे विक्रेते उमेदवार घेतात आणि विद्यावेतन देतात. नोंदणी सरकारी अ‍ॅप्रेंटिसशिप पोर्टलवर करायची. त्यासाठी वर्षभर कोल्हापूर, पुणे किंवा बंगळुरूला राहावं लागलं तरी मागं हटू नका. पॉवर टिलरमधलं जुनं नाव व्हीएसटी बंगळुरूचं, कॅम्को केरळ सरकारची कंपनी. कोकणात ही दोन्ही यंत्रं दिसतात.

हे जमलं नाही तर गावातला चांगला मिस्त्री गाठा. चांगला कसा ओळखायचा? तो यंत्र उघडण्याआधी मालकाला चार प्रश्न विचारतो. काढलेले नट-बोल्ट डब्यात क्रमानं ठेवतो. आणि तुम्हाला फक्त पाने पुसायला न ठेवता हळूहळू उघडायला देतो.

शिकण्याचा क्रम मी असा सुचवेन.

सुरुवात ग्रास कटरपासून. लहान टू स्ट्रोक इंजिन, टेबलावर ठेवून उघडता येतं. यात ऑइल पेट्रोलमध्ये मिसळावं लागतं; प्रमाण 50 ला 1 असेल तर लिटरमागे 20 मिलिलिटर, 25 ला 1 असेल तर 40. कोणतं प्रमाण हे यंत्राच्या पुस्तिकेत पाहायचं, अंदाजानं नाही. नुसतं पेट्रोल घातलं की पिस्टन जाम होतो, आणि गावात येणाऱ्या ‘जळालेल्या’ कटरांमागे बऱ्याचदा हेच असतं. फोर स्ट्रोक वीडरमध्ये (तण काढायच्या यंत्रात) मात्र ऑइल वेगळं, क्रँक केसमध्ये. तिथं पेट्रोलमध्ये मिसळायचं नाही. दुसरी नेहमीची तक्रार कार्बोरेटरची. हंगाम संपल्यावर टाकीत राहिलेलं पेट्रोल चिकट होतं, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावाही धरतं, आणि बारीक छिद्रं बुजतात. कटर ठेवून देण्याआधी टाकी रिकामी करून, उरलं-सुरलं जळेपर्यंत इंजिन चालवा, एवढं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगा.

मग एचटीपी पंप. याचं निदान सोपं आणि शिस्तीचं आहे. दाब चढत नसेल तर सक्शनची गाळणी बघा. गंधकाची पावडर नीट कालवली नसेल तर तिथंच बसते. मग सक्शन पाइपात हवा शिरते का ते तपासा. मग व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक, शेवटी प्लंजरचं पॅकिंग. पट्टा ढिला असेल तर हे सगळं उघडण्याची गरजच नाही, म्हणून तो सर्वात आधी दाबून पाहावा. या पंपातून विष गेलेलं असतं हे विसरू नका. दुरुस्तीला आलेला पंप आधी मालकाकडूनच भरपूर पाण्यानं धुऊन घ्या आणि हातमोजे घातल्याशिवाय उघडू नका.

टिलर तिसरा, आणि त्याला सर्वाधिक वेळ द्या. आडवं एक सिलिंडरचं डिझेल इंजिन, पट्ट्यांवरून गिअर बॉक्स, मागे रोटरी. चालू होत नसेल तर आधी डिझेल, मग हवा, मग कॉम्प्रेशन, हा क्रम मोडायचा नाही. पावसाळ्यात कॅनमध्ये साठवलेल्या डिझेलमध्ये पाणी उतरतं. टाकीच्या तळाचं डिझेल काढून बघा, फिल्टर बदला, पंपापासून नोझलपर्यंत हवा काढा. धूर बोलतो, त्याच्याकडे बघा: काळा म्हणजे हवा अडली किंवा डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी शिरलंय. चिखलणी करणाऱ्या टिलरचं खास दुखणं म्हणजे रोटरीचे आणि चाकांच्या एक्सलचे ऑइल सील. चिखल सील खातो, पाणी आत जातं, गिअर ऑइल दुधाळ होतं, आणि शेतकऱ्याला कळतं तेव्हा बेअरिंग गेलेलं असतं. जुलै संपताना प्रत्येक टिलरचं गिअर ऑइल तपासून देण्याची सेवा तुम्ही सुरू केलीत, तर तेवढ्यावर तुमचं नाव होईल.

टिलर चालवायलाही शिका, आणि उतारावर चालवायला विशेष करून. सपाटीवर डावा स्टेअरिंग क्लच दाबला की टिलर डावीकडे वळतो. तीव्र उतारावर, इंजिन चाकांना रोखून धरत असताना, डावा दाबला तर सुटलेलं डावं चाक जोरात पळतं आणि यंत्र उजवीकडे वळतं. घाटीच्या वाटांवर हे माहीत नसलेला चालक थेट बांधाखाली जातो. उतारावर क्लच न वापरता हँडलनं, अगदी हळू न्यायचं. रोटरीत अडकलेलं गवत काढायचं ते इंजिन बंद करूनच.

मोटर, स्टार्टर, कपॅसिटर, मल्टीमीटर हे शेवटी, पण टाळू नका. काजूच्या मोठ्या बॉयलरवर काम करायचं असेल तर बॉयलर अटेंडंटचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. त्याशिवाय त्याला हात लावू नये.

खाऱ्या वाऱ्याचं काय

किनाऱ्याजवळच्या गावांत यंत्र कामानं जितकं झिजतं, त्याहून जास्त उभ्या उभ्या गंजतं. मांगरात (शेतावरच्या खोपटात) चारही बाजूंनी दमट हवा, वर्षातले आठ-नऊ महिने यंत्र बंद. म्हणून हंगामानंतर गोड्या पाण्यानं धुणं, पूर्ण वाळवणं, उघड्या लोखंडाला जुनं ऑइल नाही तर ग्रीस लावणं, बॅटरी काढून ठेवणं, पट्टे ढिले करणं आणि महिन्यातून एकदा इंजिन फिरवणं, ही वार्षिक देखभाल म्हणून ठरावीक दरात द्या. खारभूमीजवळ तर याला पर्याय नाही.

ड्रोनबद्दल थोडक्यात

मुलं हे विचारतातच. वय 18 पूर्ण, दहावी उत्तीर्ण, मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण, मग रिमोट पायलट प्रमाणपत्र. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे ते दहा वर्षं चालतं. बचत गटातल्या महिलांना ड्रोन देणारी नमो ड्रोन दीदी योजनाही आहे. रायगडच्या सलग भातशेतीवर याचा उपयोग होईल. डोंगरउतारावरच्या उंच, दाट आंबा कलमांत पानांच्या आतपर्यंत फवारा पोचवणं ड्रोनला कठीण. म्हणून पहिली कमाई त्यात घालू नये, असं मला वाटतं.

नोकरी की स्वतःचं दुकान

नोकऱ्या आहेत: विक्रेत्यांच्या सर्व्हिस विभागात, कंपन्यांचे फिरते तंत्रज्ञ म्हणून, काजू कारखान्यांत, शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या अवजार बँकेत. दोन-तीन वर्षं नोकरी करून मग स्वतःचं काही सुरू करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं, कारण तोवर सुटे भाग कुठून आणि कितीला मिळतात ते कळलेलं असतं.

दुकानासाठी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून कर्ज मिळू शकतं. सेवा उद्योगाला 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प, ग्रामीण भागात खुल्या गटाला 25 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग वगैरेंना 35 टक्के अनुदान. स्वतःचा वाटा अनुक्रमे 10 आणि 5 टक्के. चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करा. यंत्र भाड्यानं द्यायचं असेल तर कृषी यांत्रिकीकरण उप अभियानातून महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अनुदानासाठी अर्ज करता येतो. अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातींना साधारण 50 टक्के, इतरांना 40 टक्के, कमाल मर्यादेच्या आत. आधी पूर्वसंमती, मग खरेदी. उलट केलं की अनुदान गेलं. सातबारा सामाईक असेल, आणि आपल्याकडे तो बहुधा असतोच, तर कागद जमवायला वेळ लागतो, तेव्हा लवकर हलायला हवं.

भाड्याचा दर शेजाऱ्याकडे पाहून ठरवू नका, हिशेब करा. समजा टिलर 2 लाखांचा, आयुष्य 10 वर्षं, शेवटी 20 हजार आले. घसारा वर्षाला 18 हजार. गुंतलेल्या पैशावर 10 टक्क्यांनी व्याज सरासरी 11 हजार. यंत्र हललं नाही तरी हे 29 हजार जाणारच. वर्षाला 200 तास काम मिळालं तर तासाला 145 रुपये पडतात, फक्त चिखलणीचे 60 तास मिळाले तर 483. डिझेल, ऑइल, सुटे भाग आणि चालकाची मजुरी त्यावर वेगळी. म्हणूनच टिलरला ट्रॉली जोडून वाहतूक, पंप जोडून पाणी, असं वर्षभर काम शोधावं लागतं. नाहीतर यंत्र विकत न घेता आधी दुरुस्तीच करावी.

दुरुस्तीला भांडवल कमी लागतं: चांगला पाना सेट, पुलर, फीलर गेज, व्हर्नियर, मल्टीमीटर, टॉर्क रेंच, कॉम्प्रेशन गेज, वेल्डिंग मशीन. नोझल टेस्टर पुढच्या वर्षी घेतला तरी चालेल. सुरुवातीचा पैसा हत्यारांबरोबर सुट्या भागांत घाला: ऑइल सील, पट्टे, फिल्टर, प्लग, पंपाचं पॅकिंग, क्लच केबल. कोल्हापूरहून भाग यायला दोन दिवस लागतात, आणि जुलैत शेतकऱ्याकडे दोन दिवस नसतात. तुमच्या वहीतल्या यंत्रांच्या कंपन्या बघा, त्यांच्याच भागांचा साठा एप्रिलमध्ये भरा आणि मे महिन्यात गावोगाव फिरून टिलर तपासायला सुरुवात करा.